संपात बसवलेलं दार

ओरिन टॅकेटच्या हातांना स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. बाकीचा ओरिन तसा थंड माणूस. मिसूरीच्या कापसाच्या शेतांतून पोटासाठी उत्तरेला, फ्लिंट या मोटारींच्या गावी आलेला, आणि चार वाक्यांत दिवस उरकणारा. पण हात जणू त्याचे नव्हतेच. वर्षानुवर्षं मोटारीच्या दारांना बाहेरचं हँडल बसवून बसवून ते कारखान्याचेच होऊन गेले होते. झोपेतसुद्धा उजवा हात पुढे यायचा, दोन बोटं चिमटीत काहीतरी धरायची आणि मनगट पिळायचं. कधी हवा पिळली जायची, कधी बायकोचा दंड. व्हेस्टा आधी हसायची. पुढे वैतागून म्हणू लागली, "ओरिन, सोड! मी ब्यूक नाहीये."

अशा माणसाला संपावर बसवायचं म्हणजे मुंगीला मांडी घालून बसायला सांगण्यासारखं होतं. आणि हा संपही साधासुधा नव्हता. फाटकाबाहेर फलक घेऊन उभं राहायचं, थंडीनं कुडकुडलं की घरी जायचं, असं असतं तर हातांना निदान फलक तरी धरायला मिळाला असता. इथे सगळे कारखान्याच्या आतच ठाण मांडून बसले होते. बाहेर गेलं तर मालक दुसरी माणसं आत घालणार, म्हणून बाहेर जायचंच नाही, ही त्यातली मेख. यंत्रं थांबली होती, सांगाडे पुढे सरकवणारी लाईन थांबली होती आणि लाईनवर ब्यूकचे अर्धेमुर्धे सांगाडे जिथल्या तिथे उभे होते. कुणाला दारं होती पण काचा नव्हत्या, कुणाला छप्पर होतं पण आत बसायला काही नव्हतं. माणसं त्या सांगाड्यांत झोपायची. नव्याकोऱ्या सीट काढून त्यांनी जमिनीवर बिछाने घातले होते, आणि ज्यांना जन्मात मोटार परवडली नसती ते तिच्यात पाय पसरून घोरत होते.

नियम मात्र कडक. दारूचा थेंब आणायचा नाही. रोज झाडलोट करायची. रंगाच्या खोलीजवळ विडीकाडी बंद. सांगाड्यांना एक ओरखडासुद्धा पडता कामा नये, कारण उद्या वर्तमानपत्रं म्हणतील, बघा, हे गुंड मोटारी फोडतात. नियम मोडला तर दुपारच्या जेवणानंतर खटला भरायचा. न्यायाधीश होते क्रँडलकाका, पांढऱ्या मिशांचे, पाठीत वाकलेले सुतार. अंघोळ न करणाऱ्याला आठवडाभर भांडी घासायची शिक्षा, भयंकर घोरणाऱ्याला सगळ्यांपुढे अंगाई म्हणायची शिक्षा. लोक पोट धरून हसायचे. हसण्याची गरजही होती, कारण बाहेर बर्फ, सरकारनं पाठवलेले बंदुकवाले आणि कारखाना रिकामा करा म्हणून निघालेला कोर्टाचा हुकूम, असं सगळं एकदमच येऊन उभं होतं. आज आत घुसणार, आज गॅस सोडणार, अशी आवई तासातासाला उठायची. मग सगळे खिडक्यांकडे धावायचे, मग काहीच व्हायचं नाही, मग पुन्हा बसायचं.

ओरिनला ते बसणंच जमत नव्हतं. पत्ते खेळता आले नाहीत त्याला. गाण्याच्या तालमीत तोंड उघडलं तर शेजारचा म्हणाला, "टॅकेट, तू आपला ऐकच." झाडू मारून मारून त्यानं आपल्या वाट्याची जमीन एवढी चकचकीत केली की तिच्यावरून क्रँडलकाका घसरता घसरता वाचले. व्हेस्टा रोज खिडकीखाली यायची. रस्त्यापलीकडच्या खानावळीत बायकांनी संपाचा भटारखाना चालवला होता, तिथे ती बटाटे सोलायची आणि सुपाच्या हंड्याबरोबर इथवर यायची. बायकांना आत यायला बंदी. आत बायका दिसल्या तर गावभर काय काय बोललं जाईल ते सांगायला नको.

"झोपतोस का रे?" तिनं खालून विचारलं.

"झोपतो."

"हात?"

ओरिननं हात खिशात घातले. "ठीक आहेत."

"खोटं बोलताना तुला कुत्रंसुद्धा पकडेल," व्हेस्टा म्हणाली. "ड्यूई कुठेय? त्याला सांग, मफलर पाठवलाय, गळ्यात घाल म्हणावं, खुंटीला नको."

ड्यूई म्हणजे व्हेस्टाचा धाकटा भाऊ. त्याच लाईनवर, ओरिनच्या पुढे काही जागा सोडून, दाराला आतलं कापडी आवरण ठोकणारा. दाराला सगळ्यात शेवटी लागणारा हात त्याचा. अंगानं फाटका, पण तोंड असं की दहा जण गप्प बसावेत. संपाची हाक आली तेव्हा सगळ्यात आधी जागा सोडून उभा राहिला तो ड्यूई, आणि ओरिनच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला तो, "दाजी, आज पाना खाली ठेवा." ओरिननं ठेवला. संपावर त्याची श्रद्धा होती की नाही हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, पण लाईनचा वेग असा वाढवत नेला होता की लघवीला जायचं तर शेजाऱ्याची मिनतवारी करावी लागे. तेवढं कारण त्याला पुरलं. शिवाय दाजी म्हणून कुणी खांद्यावर हात ठेवला की माणूस नाही म्हणत नाही.

आता त्या दाराचं सांगतो.

दुपारी गाण्याची तालीम सुरू झाली की लाईनवर कुणी नसे. ओरिन तिथे फिरत राहायचा. एका गर्द लाल सांगाड्यापाशी त्याचे पाय थांबायचे. उजव्या बाजूचं पुढचं दार टांगलेलं होतं, पण आतली काच सोडली तर नागडं. पुढे हँडलांनी भरलेली पेटी तशीच पडलेली. पहिल्या दिवशी त्यानं नुसतं एक हँडल हातात घेतलं. थंडगार होतं. परत ठेवलं. दुसऱ्या दिवशी भोकात घालून पाहिलं. आणि मग हात आपले आपण कामाला लागले.

पण काहीतरी वेगळं होत होतं, आणि ते ओरिनच्या ध्यानात आलं. लाईनवर तो हँडल बसवायचा तेव्हा दार त्याला कधी दिसतच नसे. दोन भोकं दिसत. स्क्रू आत गेला की दुसरी दोन भोकं समोर. इथे कुणी ढकलत नव्हतं. स्क्रू किंचित वाकडा वाटला तर काढून पुन्हा घालता येत होता. हँडल बसलं. मग पुढच्या जागेवरची काच उचलायची फिरकी होती, ती कशी बसवतात ते त्यानं येता-जाता पाहिलेलं होतं. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा काच लोण्यासारखी वर गेली. अशा काही दुपारी गेल्या. शेवटी ड्यूईच्या जागेवरून त्यानं आवरण घेतलं आणि कडेनं, सुरकुती न पडू देता, ठोकून काढलं.

दार पूर्ण झालं. ओरिननं ते लोटलं. टप्प असा आवाज झाला. जड, मऊ, भरलेला. एवढी वर्षं हजारो दारं हाताखालून गेली, पण आपल्या हातचं दार लागल्याचा आवाज त्यानं ऐकला नव्हता. तो तिथेच उभा राहिला आणि त्याचे डोळे भरून आले, उगीच. त्या रात्री हात झोपेत हलले नाहीत.

मूर्ख माणूस! संपात काम केलं आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

पत्ता लागला तो दुसऱ्या दिवशी, झाडू मारणाऱ्यांनी आरडाओरडा केला तेव्हा. सगळे त्या लाल सांगाड्याभोवती गोळा झाले. रांगेतली सगळी दारं नागडी आणि हे एकच नटूनथटून बसलेलं. कुणी हात लावेना, जणू आत बॉम्ब आहे.

"फितूर!" ड्यूई ओरडला. "आपल्यात फितूर आहे! कंपनीसाठी काम करतोय कुणीतरी. अरे, उद्या याचा फोटो बाहेर गेला म्हणजे? संपवाले आतून कंटाळले, काम सुरू केलं, असं छापून आलं की संपलं सगळं. पुढची पाळी आपल्या आयाबहिणींची, भीक मागायची!"

ओरिन मागच्या रांगेत उभा होता. त्याला वाटलं आत्ताच बोलावं, मीच तो, उगाच केलं. तोंड उघडलंही. पण त्या घोळक्यातून पुन्हा फितूर हा शब्द उठला, आणि त्यानं ते मिटून घेतलं. फितुराला दोरानं खिडकीतून खाली सोडून संपाबाहेर काढायचं, हे ठरलेलंच होतं. एकदा तिथून उतरलेल्या माणसाला फ्लिंटमध्ये थारा नव्हता. संप जिंकला तर कामगार त्याच्या शेजारी उभे राहणार नाहीत, हरला तर संपात बसला म्हणून मालक घेणार नाही. आणि व्हेस्टा? भटारखान्यातल्या बायका तिच्या हातचा बटाटासुद्धा घेणार नाहीत.

मग व्हायचं तेच झालं. गप्प माणूस कोण, याचा शोध सुरू झाला आणि बोट व्हर्जिल पाईककडे वळलं. पाईकचा चुलतभाऊ फोरमन, म्हणजे कंपनीचा मुकादम होता, एवढा गुन्हा पुरेसा होता. शिवाय तो गाण्याच्या तालमीला जात नसे, कारण त्याच्या कानात दुखायचं. कान दुखतो म्हणे! सगळ्या फितुरांचे कान दुखतात! दिवसभर पाईकशी कुणी बोललं नाही. त्याच्या सुपाच्या वाटीत कुणीतरी पेन्सिलीचं टोक टाकलं. ओरिननं ते पाहिलं. त्याच्या स्वतःच्या वाटीतलं सूप तसंच गार झालं. तो खिडकीशी गेला, परत आला, पुन्हा गेला. खाली व्हेस्टा उभी होती. ती काहीतरी मजेचं सांगत होती, कोणा बाईनं मिठाऐवजी साखर टाकली वगैरे, आणि त्याला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

"तुला झालंय काय?" तिनं विचारलं.

"व्हेस्टा, उद्या मला खाली सोडलं तर तू मला घरात घेशील?"

तिनं वर पाहिलं. बर्फ तिच्या डोळ्यांत जात होता. "काय केलंस?"

"दार बसवलं."

तिला काहीच कळलं नाही. पण नवऱ्याचा चेहरा तिला कळत होता. "ज्याला सांगायला हवं त्याला सांग," ती म्हणाली, "माझ्यापाशी रडून काय होणार?" आणि रिकामा हंडा उचलून ती चालू लागली. घरात घेईन की नाही ते तिनं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर खटला. या वेळी कुणी हसत नव्हतं. क्रँडलकाका सीटांच्या थप्पीवर बसले, हातात रबरी हातोडी. पाईकला समोर उभं केलं.

"बोल, पाईक," ड्यूई म्हणाला. "किती मिळाले?"

"मी नाही केलं."

"तू नाही, तर काय दारानं स्वतःच कपडे घातले?"

"मी केलं," ओरिन म्हणाला.

एवढं हळू म्हणाला की त्याला ते पुन्हा म्हणावं लागलं. मग सगळ्या माना वळल्या. ड्यूईचं तोंड उघडंच राहिलं, आणि ड्यूईचं तोंड शब्दांशिवाय उघडं राहिलेलं त्या कारखान्यात आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"दाजी, गंमत करू नका."

"गंमत नाही. हातांना राहवेना. बसून बसून... हातांना राहवेना, ड्यूई."

"हातांना राहवेना?" ड्यूईचा आवाज चिरकला. "आम्हाला काय हात नाहीत? माझ्या बहिणीचा नवरा! मी सगळ्यांना सांगत फिरलो, माझ्या एका शब्दावर दाजींनी पाना खाली ठेवला म्हणून. कंपनीला अजून चार दारं बसवून दे ना! जा! टॅकेट, तू माझा कुणी नाहीस. काका, सोडा याला खिडकीतून."

दाजीचा टॅकेट झाला आणि तुम्हीचा तू. ओरिनला ते जेवढं लागलं तेवढं खिडकीतून पडूनही लागलं नसतं. मागून दोघाचौघांनी हो हो केलं. कुणीतरी दोर आणायला निघालंसुद्धा.

क्रँडलकाकांनी हातोडी आपटली. "घाई कसली रे? बर्फ काय पळून जातोय?" ते उठले आणि कमरेवर हात ठेवून त्या लाल सांगाड्यापाशी गेले. सगळे मागोमाग. म्हाताऱ्यानं दाराच्या कडेवरून बोट फिरवलं, काच वर-खाली केली, मग दार उघडून लोटलं.

टप्प.

"हं," क्रँडलकाका म्हणाले. "या गावात इंजिन नव्हतं तेव्हा आम्ही घोड्याच्या बग्ग्या करायचो. ज्यांनी बग्ग्या विकल्या त्यांनीच पुढे घोडा सोडला आणि मोटार धरली. पहिल्या ब्यूकची लाकडं मी तासली आहेत, पोरांनो. तेव्हा दार एका माणसाचं असायचं. सकाळी घेतलं की संध्याकाळपर्यंत त्याचंच. मग तुमची लाईन आली. पत्रा आला, छप्पर सबंध एका पत्र्याचं दाबून निघायला लागलं. छान झालं, पाणी गळायचं थांबलं. पण दार कुणाचं ते काही कळेना." ते ओरिनकडे वळले. "किती वेळ लागला याला?"

"काही दुपारी."

"ऐकलंत? काही दुपारी! असला फितूर मालकाला परवडेल का रे? दिवसाला एक दारसुद्धा नाही. अशानं कंपनी तीन महिन्यांत भिकेला लागेल."

कुणीतरी फस्सकन हसलं. मग दुसरं. ड्यूई हसला नाही.

"नियम कुठला मोडला ते सांग," म्हातारा त्याला म्हणाला. "दारू प्याला? ओरखडा पाडला?"

"संपात काम करायचं नाही हा काय नियम लिहून ठेवायला लागतो?"

"लागतो असं दिसतंय," क्रँडलकाका म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. "पण ड्यूईचं खरं आहे. हे दार इथे असं राहिलं तर आपण सगळे मेलो. टॅकेट, पाईकची माफी माग. आणि जोडलंस ते उतरव. आत्ता. सगळ्यांसमोर. स्क्रू न् स्क्रू."

ओरिननं पाईकपुढे मान खाली घातली. पाईक कानावर हात धरून बसून राहिला. मग ओरिन दारापाशी आला. हात पुढे केले आणि आज पहिल्यांदाच ते हलेनात. खिडकीतून सोडलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला खरोखर वाटलं.

"काका," तो म्हणाला, "एकदा लावू?"

"लाव."

त्यानं दार उघडलं आणि लोटलं. कारखाना एवढा निःशब्द होता की तो आवाज पार टोकाच्या भिंतीपर्यंत गेला. मागून काच घासणारा एक दांडगा माणूस पुढे आला. "बघू," म्हणाला आणि त्यानंही एकदा लावून पाहिलं. मग त्याच्या मागचा. मग छपराचे पत्रे दाबणारे दोघे. एकेक जण येत गेले, दार लोटत गेले आणि बाजूला होत गेले. पाईकनंही लोटलं आणि दुखरा कान दाराशी नेला. ड्यूई आला नाही. तो पाठ फिरवून खिडकीकडे निघून गेला होता.

मग ओरिननं पाना घेतला. आवरण काढताना त्यानं एकही सुरकुती पडू दिली नाही. फिरकी काढली, हँडल काढलं, स्क्रू पेटीत टाकले. दार पुन्हा नागडं झालं. संध्याकाळी व्हेस्टा खिडकीखाली आली तेव्हा तिला सगळं आधीच कळलेलं होतं, भटारखान्यात बातमी सुपाच्या आधी पोचते. तिनं वर फक्त एवढंच सांगितलं, "घराची किल्ली नेहमीच्या जागी आहे," आणि हंडा वर पाठवला.

ड्यूई मात्र बोलला नाही. संप सुटेपर्यंत नाही. बंदुकवाले परत गेले, युनियनला मान्यता मिळाली, सगळे झेंडे घेऊन गाणी म्हणत फाटकाबाहेर पडले, बायका नवऱ्यांच्या गळ्यात पडल्या, तेव्हासुद्धा तो दोन माणसं सोडून चालत होता. व्हेस्टानं मधे पडायचं नाकारलं. "तुम्हा दोघांचं तुम्ही बघा," म्हणाली. "मी काय तुमची युनियन आहे?"

मग लाईन सुरू झाली. तोच गोंगाट. पण वेग थोडा कमी झालेला, एवढा की हँडल बसवून माणूस एकदा मान वर करू शकेल. सांगाडे जिथे थांबले होते तिथून पुढे सरकू लागले. निळा आला, काळा आला, आणि मग तो गर्द लाल. ओरिननं त्याला लांबूनच ओळखलं. उजवं पुढचं दार समोर आलं. दोन भोकं. त्यानं हँडल बसवलं, स्क्रू पिळले, आणि लाल सांगाडा त्याच्या हातून निघून गेला. तेवढंच. पुढच्यानं फिरकी बसवली. त्याच्या पुढच्यानं काच वर-खाली करून पाहिली. समोर दुसरा सांगाडा आला होता, पण ओरिनची मान वर गेली ती खाली येईना.

लाल सांगाडा ड्यूईपाशी पोचला. ड्यूईनं आवरण ठोकलं. झटपट, नेहमीसारखं. मग तो थांबला. दार लावणं त्याचं काम नव्हतं. मागचा सांगाडा येऊन ठेपला होता आणि फोरमन हात हलवत होता. ड्यूईनं दार पूर्ण उघडलं आणि लोटून दिलं.

त्या गोंगाटात काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. ओरिनला ऐकू आलं नाही. पण ड्यूई मागे वळला होता, नजरेनं त्याला शोधत होता, आणि सापडल्यावर ओरडून काहीतरी म्हणाला. ओठांवरून शब्द स्पष्ट दिसला. दाजी.

"टॅकेट!" शेजारचा खेकसला. "हँडल!"